आईची वही पुढे चालू: बाबांच्या देणग्यांच्या प्रकल्प नोंदी

६ एप्रिल २०२५, रविवार

आजपासून काम हाती घेतलं. १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ या आर्थिक वर्षात बाबांनी दिलेली प्रत्येक देणगी शोधायची, तिचा कागद मिळवायचा आणि प्राप्तिकर विवरणपत्रात ८०जी खाली (देणगीची रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा करू देणारं कलम) जेवढं दाखवता येईल तेवढं बिनचूक दाखवायचं.

आजवर हे असं शोधायची वेळ आली नव्हती, कारण आई वही ठेवायची. लाल कापडी पाठीची, लांबट. तारीख, कोणाला, किती, आणि पावती हातात आली की पुढे बरोबरची खूण. जुलैत मी ती वही समोर घ्यायचे आणि अर्ध्या तासात विवरणपत्राचा तो भाग भरून व्हायचा. आई २०२४ च्या जानेवारीत गेली. वहीतली शेवटची नोंद ३० डिसेंबर २०२३ ची आहे. त्यानंतर बाबांनी देणं थांबवलं नाही, उलट वाढवलं. लिहायला मात्र कोणी नव्हतं.

बाबांना विचारलं, "अंदाजे किती दिलंत वर्षभरात?"

"मोजून देतात का कोणी?" मग जरा थांबून म्हणाले, "बँकेत दिसेल ना सगळं."

१२ एप्रिल, शनिवार

बँकेत सगळं दिसत नाही.

बारा महिन्यांचा खातेउतारा उतरवून घेतला आणि एकेक ओळ वाचली. एनईएफटीने पाठवलेले पैसे लगेच सापडतात, कारण संस्थेचं नाव तिथेच असतं. चेकच्या ओळीत नुसता चेक क्रमांक, म्हणून चेकबुकाची स्थळप्रत शोधावी लागली. नशिबाने बाबा ती भरतात. यूपीआयच्या ओळी सर्वांत अवघड. नाव अर्धं कापलेलं, पुढे आकडेच आकडे. ११,००० रुपयांची एक ओळ तीनदा वाचूनही ओळखू येईना. शेवटी फोनमधले जुने मेसेज पाहिले तेव्हा उलगडलं: देणगी रक्तपेढीला, पण उताऱ्यावर नाव पैसे गोळा करून पुढे पाठवणाऱ्या पेमेंट कंपनीचं. संस्थेच्या नावाने शोधणाऱ्याला ही ओळ कधीच सापडली नसती.

रोख दिलेलं तर उताऱ्यात येणारच नाही. ते बाबांच्या आठवणीतून आणि शर्टाच्या खिशातून काढायचं.

१३ एप्रिल, रविवार

कपाट, देवघराचा खण, गाडीतला कप्पा, बाबांच्या चष्म्याची डबी. दुपारी चारपर्यंत जे जमलं ते टेबलावर मांडलं आणि बाबांना शेजारी बसवून यादी केली:

मुख्यमंत्री सहायता निधी, १,००,००० रुपये, चेक, जानेवारी, आईच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी.
अनाथ मुलांचं वसतिगृह, ५१,०००, एनईएफटी.
अंध विद्यार्थ्यांची संस्था, २५,०००, चेक. आई इथे आठवड्यातून दोनदा मुलांना पुस्तकं वाचून दाखवायला जायची.
वाचनालय, २०,०००, चेक.
वृद्धाश्रम, दरमहा १,०००, खात्यातून आपोआप.
रक्तपेढी, ११,०००, यूपीआय.
रात्रशाळा, ५,०००, रोख.
दिव्यांग पुनर्वसन केंद्र, १,५००, रोख.
शेजारच्या मुलाच्या शस्त्रक्रियेसाठी १०,०००, थेट त्याच्या वडिलांच्या खात्यात.

एकूण २,३५,५००. शिवाय आईची चाकाची खुर्ची, फाउलर बेड आणि वॉकर, रुग्णोपयोगी साहित्य वापरायला देणाऱ्या केंद्राला. त्याची पावती आहे, "साहित्य मिळाले" एवढीच.

छोट्या यंत्रातून निघालेल्या दोन पावत्या जवळजवळ पांढऱ्या पडल्या होत्या. तो कागद उष्णतेने छापतात, त्यामुळे काही महिन्यांत अक्षरं उडतात. खिडकीच्या उजेडात तिरप्या धरून फोटो काढले, आकडे वाचता येतात. पुढच्या वेळी पावती हातात पडली की त्याच दिवशी फोटो.

अंधसंस्थेची पावती मात्र सापडली नाही. बाबा म्हणाले, "ती आहे माझ्याकडे. देतो नंतर." मी आग्रह धरला नाही.

२० एप्रिल, रविवार

आज नियम. वर्षाकाठी एकदाच लागतात म्हणून दरवेळी अर्धे विसरलेले असतात. या वेळी नीट लिहूनच ठेवते.

८०जी मध्ये चार गट आहेत. काही देणग्यांची १०० टक्के वजावट मिळते, काहींची ५० टक्के. आणि दोन्हींमध्ये काहींना वरची मर्यादा आहे, काहींना नाही. मुख्यमंत्री सहायता निधी, पंतप्रधान राष्ट्रीय मदतनिधी, राष्ट्रीय संरक्षण निधी हे १०० टक्क्यांचे, मर्यादा नसलेले. आपण एरवी ज्यांना देतो त्या बहुतेक सगळ्या नोंदणीकृत संस्था ५० टक्क्यांच्या, मर्यादा असलेल्या गटात येतात. म्हणजे पावतीवर "८०जी खाली करसवलतीस पात्र" असं छापलेलं असलं तरी हजार रुपयांमागे वजावट पाचशेचीच. बाबांना हे आजवर माहीत नव्हतं. मलाही पहिल्या वर्षी नव्हतं.

रोख: २,००० रुपयांपर्यंतच. त्याहून एक रुपया जास्त रोखीने दिला तर पहिले दोन हजारसुद्धा धरत नाहीत, पूर्ण रक्कम बाद. २०१७ च्या आधी ही मर्यादा १०,००० होती, आणि बाबांच्या डोक्यात अजून तीच आहे. म्हणून रात्रशाळेचे ५,००० गेले. दिव्यांग केंद्राचे १,५०० राहिले.

वस्तू: अजिबात नाही. खुर्ची, बेड, कपडे, पुस्तकं, धान्य, काहीही असो. कितीही महाग असो.

व्यक्तीला दिलेली मदत: नाही. शस्त्रक्रियेचे १०,००० वहीत राहतील, विवरणपत्रात येणार नाहीत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे २०२० च्या वित्त कायद्याने बदललं. पूर्वी पावती आपल्याकडे असायची, आपण आकडा लिहायचो, कोणी विचारलं तर पावती दाखवायची. आता संस्थेने दरवर्षी ३१ मेपर्यंत आपल्या सगळ्या देणगीदारांची यादी प्राप्तिकर खात्याला कळवायची असते, फॉर्म १०बीडी मध्ये: नाव, पॅन किंवा दुसरी ओळख, रक्कम, देण्याची पद्धत. त्यावरून देणगीदाराला फॉर्म १०बीई हे प्रमाणपत्र मिळतं. म्हणजे खात्याला देणगी आधी संस्थेकडून कळते आणि आपण नंतर तेच पुन्हा सांगतो. दोघांचं सांगणं जुळलं पाहिजे. त्यामुळे पावती जपून ठेवण्याइतकंच, किंबहुना जास्त, महत्त्व आलं ते संस्थेकडे आपलं नाव आणि पॅन बरोबर पोचण्याला. हे काम देणगी देतानाच होतं. वर्ष संपल्यावर करायला गेलं की मी आत्ता जे करते आहे ते करावं लागतं.

२७ एप्रिल, रविवार

प्रत्येक संस्थेचा पॅन घेऊन प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावरच्या यादीत नोंदणी तपासली. वसतिगृह, अंधसंस्था, वृद्धाश्रम, रक्तपेढी, दिव्यांग केंद्र: सगळ्यांची मान्यता चालू.

वाचनालय यादीत नाही.

पावतीवर ८०जी चा आदेश क्रमांक व्यवस्थित छापलेला आहे. पण तो जुना आहे, कायमस्वरूपी मान्यता मिळायची त्या काळातला. २०२१ पासून अशा सगळ्या संस्थांना नव्याने अर्ज करावा लागला, आणि आता मान्यता पाच वर्षांची असते, नव्या संस्थेला आधी तात्पुरती. पावतीपुस्तक जुनं, त्यावरचा मजकूरही जुना. फोन केला. कोषाध्यक्ष फार सज्जन गृहस्थ आहेत, स्वतः वयस्कर. त्यांना हे माहीतच नव्हतं. "आमची मान्यता कायमची आहे," असं ते मनापासून सांगत होते. नियम समजावून सांगितला, एखाद्या सनदी लेखापालाला गाठून अर्ज करा म्हटलं. वीस हजार बाद.

बाबांना सांगितलं तेव्हा म्हणाले, "त्यांना अर्ज भरायला तू मदत कर. आपल्यासारखे अजून किती जण देत असतील." माझ्या मनात तोवर फक्त आमचे वीस हजार होते.

४ मे, रविवार

दादाचा फोन. त्याच्या ऑफिसने सगळ्यांचा एक दिवसाचा पगार मुख्यमंत्री निधीला दिला, त्याचं काय करायचं? अशी देणगी कंपनीमार्फत एकगठ्ठा जाते, पावती कंपनीच्या नावाने येते. कर्मचाऱ्याला कंपनीने दिलेल्या दाखल्यावर वजावट मागता येते. पण दादा नव्या करप्रणालीत आहे (दर कमी, पण बहुतेक वजावटी नाहीत) आणि तिथे ८०जी ची वजावटच नाही. त्याला दाखला जपून ठेव एवढंच सांगितलं.

१८ मे, रविवार

याच प्रश्नाचं उत्तर बाबांसाठीही काढायला हवं होतं, आणि खरं तर सगळ्यात आधी. २०२३-२४ पासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते. जुनी हवी असेल तर तसं विवरणपत्रात निवडावं लागतं, तेही मुदतीच्या आत भरलं तरच. नव्या प्रणालीत कर कमी बसत असेल तर वजावटीसाठी कागद गोळा करायची गरजच नाही. आज पूर्ण हिशेब मांडला.

निवृत्तिवेतन ९,६०,०००, ठेवींचं व्याज २,४०,०००. जुन्या प्रणालीत ५०,००० ची प्रमाणित वजावट जाऊन ढोबळ उत्पन्न ११,५०,०००. पीपीएफचे १,५०,०००, आरोग्यविम्याचे ५०,०००, ज्येष्ठांना व्याजावर मिळणारे ५०,०००, अशा इतर वजावटी २,५०,०००. उरले ९,००,०००. मर्यादा असलेल्या देणग्यांसाठी याच आकड्याचे दहा टक्के धरतात, म्हणजे ९०,०००. पुष्कळ जण इथे ढोबळ उत्पन्नाचे दहा टक्के काढतात आणि मर्यादा चुकवतात. इतर वजावटी आधी वजा करायच्या (भांडवली नफा असेल तर त्याचेही काही प्रकार, बाबांना तो नाही).

आता त्या गटातल्या देणग्या: वसतिगृह ५१,०००, अंधसंस्था २५,०००, वृद्धाश्रम १२,०००, रक्तपेढी ११,०००, दिव्यांग केंद्र १,५००. बेरीज १,००,५००. मर्यादा ९०,०००. म्हणजे वरचे साडेदहा हजार सुटले, आणि नव्वद हजारांचे निम्मे, ४५,०००, ही वजावट. मुख्यमंत्री निधीचे १,००,००० पूर्ण. एकूण १,४५,०००.

करपात्र ७,५५,०००. ज्येष्ठांना तीन लाखांपर्यंत कर नाही, पुढच्या दोन लाखांवर ५ टक्के, त्यापुढे २० टक्के. उपकरासह ६३,४४० रुपये.

नव्या प्रणालीत: ७५,००० ची प्रमाणित वजावट जाऊन ११,२५,०००, आणि कर उपकरासह ७१,५००.

जुनी प्रणाली ८,०६० रुपयांनी स्वस्त. देणग्या अजिबात नसत्या तर जुन्या प्रणालीत ९३,६०० बसले असते आणि नवीच घ्यावी लागली असती. नुसत्या संस्थांच्या देणग्या धरल्या आणि मुख्यमंत्री निधी वगळला, तर ८४,२४०, म्हणजे तरीही नवीच. आईच्या वर्षश्राद्धाला दिलेल्या त्या एका चेकने पारडं फिरवलं आहे. बाबांना हे सांगितलं नाही. त्यांनी तो चेक यासाठी दिला नव्हता.

२८ मे, बुधवार

विवरणपत्राची मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरपर्यंत वाढली, काल जाहीर झालं. संस्थांची ३१ मेची तारीख वेगळी आहे, ती तशीच. पाचही संस्थांना आठवणीचा निरोप धाडला: बाबांचं नाव पॅनवर आहे तसं, पॅन, रक्कम, तारीख, व्यवहार क्रमांक.

८ जून, रविवार

वसतिगृहाचं १०बीई ईमेलने आलं, नाव आणि पॅन बरोबर. वृद्धाश्रमाचं आलं. दिव्यांग केंद्राचंही आलं, १,५०० रुपयांसाठीसुद्धा नीट सही-शिक्क्याचं. रक्तपेढीची यादी अजून दाखल व्हायची आहे. तिथल्या लेखनिक बाईंना उशिराचं शुल्क दिवसाला २०० रुपये असतं हे सांगितलं. त्यांना माहीत होतं, आणि त्या स्वतःच काळजीत होत्या.

अंधसंस्थेचं काही आलं नाही म्हणून फोन केला. तिथल्या लेखनिक बाई म्हणाल्या, "पाठवलंय की, गुरुवारीच. मॅडमच्या ईमेलवर."

आईच्या ईमेलवर.

तिचा मेल मी वर्षभर उघडला नव्हता. पासवर्ड मला माहीत होता, मीच तयार करून दिला होता. प्रमाणपत्र आलेलं होतं. देणगीदाराचं नाव आईचं. पॅन आईचा. रक्कम २५,०००.

बाबांकडे गेले. त्यांनी न बोलता कपाटातून आईची पर्स काढली आणि तिच्या आतल्या कप्प्यातून पावती काढून दिली. तीही आईच्याच नावाने. "मी सांगितलं होतं त्यांना, हिच्या नावाने करा म्हणून. तिचीच संस्था ती."

संस्थेच्या लेखनिकांनी जे करायला सांगितलं ते केलं. आई पूर्वी स्वतः तिथे देणगी द्यायची, तिचा पॅन त्यांच्या नोंदीत होता, तोच पुढे आला. कोणाचीही चूक म्हणवत नाही. पण चेक बाबांच्या खात्यातला आहे, आणि प्राप्तिकर खात्याच्या लेखी ही देणगी जवळजवळ दीड वर्षापूर्वी गेलेल्या बाईने दिली आहे. बाबा ती दाखवू शकत नाहीत.

१० जून, मंगळवार

दुपारच्या सुट्टीत संस्थेच्या कार्यालयात जाऊन आले. सुधारित १०बीडी दाखल करता येतं, त्यात देणगीदाराचा तपशील बदलता येतो. मात्र ते काम त्यांचे लेखापाल करतात आणि ते जुलैपर्यंत अडकलेले आहेत. त्यांना हवं ते: बाबांच्या सहीचं पत्र, चेक वटल्याची खातेउताऱ्यातली ओळ, बाबांच्या पॅनची प्रत, मूळ पावती परत.

मूळ पावती परत द्यायची हे बाबांना सांगणं मला जड गेलं. त्यांनी आधी फोटो काढायला लावला, मग दिली.

२२ जून, रविवार

वृद्धाश्रमाच्या प्रमाणपत्रावर १२,००० ऐवजी ११,००० आहेत हे आज लक्षात आलं. शेवटचा हप्ता बाबांच्या खात्यातून ३१ मार्चला गेला आणि त्यांच्याकडे २ एप्रिलला जमा झाला. त्यांनी तो पुढच्या वर्षात धरला. वाद घालण्याजोगी गोष्ट नाही, ११,००० च दाखवणार. बेरीज ९९,५०० झाली, तरी मर्यादेच्या वरच, वजावटीत फरक नाही.

मात्र शिकण्यासारखं आहे. मार्चच्या शेवटच्या दिवसांत दिलेले पैसे कोणत्या वर्षात मोजले जातील हे आपल्या हातात नसतं. मासिक हप्त्याची तारीख बदलून दर महिन्याची ५ केली. एकरकमी देणगी मार्चच्या पहिल्या पंधरवड्यानंतर नको, हेही ठरवलं.

रक्तपेढीचं प्रमाणपत्र आलं.

१३ जुलै, रविवार

अंधसंस्थेकडून अजून काही नाही. दादा म्हणाला, सोडून दे ना, किती फरक पडतो? म्हणून मोजलं. ते पंचवीस हजार वगळले तर त्या गटात ७४,५०० उरतात, निम्मे ३७,२५०. वजावट ७,७५० ने कमी, कर १,६१२ रुपयांनी जास्त. एवढंच.

सोडून देणार नाही. एक म्हणजे, आईच्या नावावर तिने न दिलेली देणगी सरकारी नोंदीत राहू नये असं मला वाटतं. तिने जे दिलं ते वहीत तिच्या अक्षरात आहे, ते पुरेसं आहे. दुसरं म्हणजे, हीच चूक या संस्थेत आणखी कुणाची झाली असेल. आपल्याकडे स्मरणार्थ देणगी देताना पावती गेलेल्या माणसाच्या नावाने मागतात आणि कार्यालयातला माणूस मान देऊन तशीच करतो. त्यांना एक साधी सूचना लिहून दिली: पावती देणाऱ्याच्या नावाने व पॅनने करावी, आणि खाली "कै. अमुक यांच्या स्मरणार्थ" ही ओळ घालावी. ज्याच्या खात्यातून पैसे गेले तो देणगीदार. त्यांनी ती कागदावर छापून पावतीपुस्तकांच्या कपाटावर लावली आहे, असं लेखनिक बाईंनी फोनवर सांगितलं.

२४ ऑगस्ट, रविवार

नवं प्रमाणपत्र आलं. देणगीदार बाबा, पॅन बाबांचा, रक्कम २५,०००. सोबत नवी पावती, खाली आईच्या नावाची ओळ. प्रमाणपत्रावरचा क्रमांक तक्त्यात उतरवला. जुन्या प्रमाणपत्रावरून आधी लिहिलेला होता तो खोडला.

बाबांनी नवी पावती पर्समध्ये परत ठेवली. माझ्याकडे प्रत आहे.

३१ ऑगस्ट, रविवार

विवरणपत्र भरलं. आयटीआर-१, जुनी करप्रणाली निवडून. ही निवड पहिल्याच पानावर विचारतात आणि घाईत ती तशीच राहून जाण्याची भीती असते, म्हणून दोनदा पाहिली.

८०जी च्या तक्त्यात संस्थेचं नाव, पत्ता, शहर, राज्य, पिनकोड, पॅन, रोख किती आणि इतर मार्गाने किती, हे सगळं लागतं. ५० टक्के, मर्यादेसह या तक्त्यात प्रमाणपत्राचा क्रमांकही लागतो. मुख्यमंत्री निधीच्या तक्त्यात तो रकानाच नाही, तिथे पावती आणि निधीचा पॅन पुरला. रकमा पूर्ण लिहायच्या, निम्मे आणि मर्यादा संकेतस्थळाची संगणकप्रणाली स्वतः काढते. तिने १,४५,००० काढले. माझा मे महिन्यातला आकडाही तोच होता. आनंद झाला.

आधारच्या ओटीपीने लगेच पडताळणी केली. त्याला तीस दिवस असतात, पण ओटीपी बाबांच्या फोनवर येतो आणि बाबा शेजारी होते.

सगळे कागद एका फोल्डरमध्ये: वर्ष, संस्था, रक्कम या क्रमाने फाइलची नावं. वाचनालयाची पावतीसुद्धा त्यातच, "दाखवली नाही" असं लिहून. सहा वर्षं ठेवणार.

१४ सप्टेंबर, रविवार

चालू वर्षाची सोय. तक्ता संगणकावर करायचा विचार होता, बाबा म्हणाले वहीच बरी. म्हणून आईचीच वही पुढे चालू केली. तिच्या चार रकान्यांपुढे मी तीन आखले: कसे दिले, पॅन कळवला का, पावतीवर नाव कोणाचं. बाकी सगळं (संस्थेचा पॅन, पत्ता, प्रमाणपत्र क्रमांक) नंतरही मिळतं. या तीन गोष्टी देण्याच्या दिवशीच नोंदवाव्या लागतात.

सातव्या रकान्याच्या उजवीकडे थोडी जागा उरली. तिथे "दाखवता येईल / नाही" लिहिणार होते. नाही लिहिलं. खुर्ची आणि बेड, शेजारच्या मुलाचे दहा हजार, रात्रशाळेचे पाच हजार, सगळं याच पानांवर एका रांगेत राहू दे. काय दाखवायचं ते जुलैत मी ठरवेन.

वाचनालयाच्या अर्जाचे कागद या आठवड्यात पुरे झाले. त्यांच्या लेखापालाकडे दिले.

५ ऑक्टोबर, रविवार

खात्याची सूचना आली. आपला हिशेब आणि त्यांचा हिशेब सारखा, वजावट १,४५,००० मान्य.

बाबांना पुढच्या वर्षाचं समजावून सांगितलं. २०२५-२६ साठी नव्या प्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होतो. त्यांचं उत्पन्न तेवढंच राहिलं तर ११,२५,०००, म्हणजे कर नाहीच. मग नवीच प्रणाली घ्यायची, आणि त्यात ८०जी नाही. म्हणजे पुढच्या जुलैत देणग्यांपैकी काहीच दाखवायचं नाही.

त्यांनी विचार केला. "म्हणजे आता पावती हिच्या नावाने केली तर चालेल?"

म्हटलं, "नाही बाबा. संस्था यादी पाठवणारच, आणि त्यात देणारा तोच लिहायचा ज्याने दिलं. तिचं नाव खाली, स्मरणार्थ."

"बरं," म्हणाले. चष्मा लावला, वही पुढे ओढली आणि गेल्या गुरुवारची नोंद स्वतः लिहिली. अंधसंस्था, ५,०००, चेक. पॅन कळवला: होय. पावतीवर नाव: तिथे त्यांनी आधी स्वतःचं नाव लिहिलं, आणि त्याच चौकटीत खाली, बारीक अक्षरात, आईचं.